प्रतीक्षेचे चार आठवडे

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या हवेला बोचरी धार येते, आंबिया बहराच्या संत्र्यांच्या हातगाड्या चौकाचौकांत उभ्या राहतात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे शहरातील वर्दळ वाढते आणि सदर भागातील चर्चच्या आवारांत नाताळाची तयारी सुरू होते. नाताळ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. निदान केक, कागदी चांदणी आणि २५ डिसेंबरची सुटी एवढ्यापुरता तरी आहेच. परंतु नाताळापूर्वीचे सुमारे चार आठवडे ख्रिस्ती समाजात एक स्वतंत्र व्रतकाल म्हणून पाळले जातात, ही गोष्ट शेजारी राहणाऱ्या बहुसंख्य लोकांना फारशी ठाऊक नसते. मराठी ख्रिस्ती बांधव त्याला आगमनकाळ म्हणतात. या काळाचा विचार केवळ त्या समाजापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. आपल्या रोजच्या व्यवहाराला, विशेषतः शाळा, कचेरी आणि महाविद्यालय येथील व्यवहाराला लागू पडेल असे काही त्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आगमनकाळाची कालगणना सोपी आहे. ३० नोव्हेंबर या दिवसाच्या सर्वांत जवळचा जो रविवार, त्या रविवारी तो सुरू होतो. म्हणजे त्याचा आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही होतो आणि त्याचा शेवट २४ डिसेंबरला ठरलेला असतो. चर्चचे धार्मिक वर्ष याच रविवारी सुरू होते. या काळाचा रंग जांभळा, म्हणजे उत्सवाचा नव्हे, तर आत्मपरीक्षणाचा आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत आजच्या फ्रान्सच्या भूमीवर ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची चाल होती. पुढे उपवास शिथिल झाला. पण सणापूर्वी मनाची झाडलोट करावी, हा मूळ हेतू टिकून राहिला.

नागपूरचे या काळाशी एक ऐतिहासिक नातेही आहे. उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट पंथांनी आपापले वेगळेपण बाजूस ठेवून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही एकच संघटना स्थापन केली, ती नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहिल्यानंतर जे घडले, त्यासाठी वाट पाहण्याच्या काळाचा पहिलाच दिवस लाभला. प्रतीक्षा म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे सांगण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

लहान कृत्यांचा नेम

आगमनकाळात काय करावयाचे असते? मोठे दान नव्हे, मोठे कर्मकांडही नव्हे. रोज एक लहानसे सत्कृत्य आणि रोज थोडे चिंतन, एवढेच. अनेक कॅथलिक घरांतून मुलांना एक रिकामी गव्हाण करून देतात. मुलाने दिवसभरात कोणाला मदत केली, भांडण आवरले, एखाद्या आजाऱ्याची विचारपूस केली, की त्याने गवताची एक काडी गव्हाणीत ठेवावयाची. नाताळच्या रात्री बाळ येशूची मूर्ती ज्या गवतावर निजवावयाची, ते मऊ व्हावे की टोचरे राहावे, हे त्या मुलाच्या चार आठवड्यांच्या वागण्यावर ठरते. बालमनाला नीतीचा धडा देण्याची याहून सुंदर रीत शोधून सापडणे कठीण आहे.

मेणबत्त्यांचे चक्रही असेच. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विचर्न या धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. नाताळ केव्हा येणार, असे मुले रोज विचारीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका चाकावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी मेणबत्ती लावावयाची. कारखानदारीच्या त्या पहिल्या धकाधकीत शहरांच्या रस्त्यांवर फेकली गेलेली ती मुले होती. त्यांना दिवस मोजावयास शिकविणे म्हणजे उद्यावर विश्वास ठेवावयास शिकविणे होते. आज जगभर दिसणारी चार मेणबत्त्यांची माळ ही त्याच चाकाची वंशज. चोवीस कप्पे असलेली आगमनकाळाची दिनदर्शिका विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतच छापली गेली आणि पुढे त्या कप्प्यांत चॉकलेट शिरले. रोज काही द्यावयाचे या शिस्तीचे रोज काही मिळावयाचे या सवयीत रूपांतर करण्यास बाजाराला फार वेळ लागला नाही. अलीकडे इंग्लंडमध्ये काही कुटुंबे उलट रीत पाळतात: रोज एक जिन्नस खोक्यात टाकावयाचा आणि अखेरीस ते खोके गरजूंच्या अन्नपेढीला द्यावयाचे. मूळ कल्पनेशी हे अधिक जुळते.

आपल्या वाचकांना यात परके वाटावे असे काही नाही. आगमनकाळ बहुधा आपल्या मार्गशीर्षाच्या आगेमागेच येतो. प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर अशा वस्त्यांतून एका घरी गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडला जातो, तर दुसऱ्या घरी रविवारी मेणबत्ती लावली जाते. एकीकडे चार गुरुवार, एकीकडे चार रविवार. दोन्हीकडे नेम, दोन्हीकडे कथा, दोन्हीकडे शेजाऱ्याला बोलावणे. चातुर्मासात एखादा पदार्थ सोडणारी आपली आजी आणि आगमनकाळात साखर सोडणारी ख्रिस्ती गृहिणी यांना एकमेकींची भाषा समजावून सांगावी लागणार नाही.

नागपूरहून जेमतेम दोन तासांच्या वाटेवर पवनार आहे. तेथील विनोबांनी सर्वोदयपात्राची कल्पना मांडली: घरोघरी एक भांडे ठेवावे आणि रोज त्यात मूठभर धान्य टाकावे, तेही घरातील लहान मुलाच्या हातून. मूल म्हणजे हात लहान, म्हणून मूठ लहान. पण सवय आयुष्यभराची, हे त्यातील मर्म. याच जातीचा नेम ईशान्येकडील मिझोराममध्ये ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून पाळीत आल्या आहेत. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातील एक मूठ त्या वेगळी काढतात आणि तो साठा चर्चच्या कार्यासाठी देतात. त्या डोंगराळ, गरीब प्रदेशातील कितीतरी धर्मकार्य आणि समाजकार्य या मुठीवर उभे राहिले. विनोबा आणि मिझो गृहिणी यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु थोडे आणि रोज, या सूत्रावर दोघेही पोहोचले.

लहर आणि नेम

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या सूत्राचे आश्चर्य वाटत नाही. बचतीच्या बाबतीत आपण ते केव्हाच मान्य केले आहे. १९२८ साली कर्नाटकातील एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आली, दारोदार जाऊन रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करण्याची पिग्मी योजना काढली. महिन्याच्या अखेरीस उरेल ते बाजूला टाकू, असे म्हणणाऱ्याजवळ काहीच उरत नाही, हे ती योजना काढणाऱ्यांनी ओळखले होते. दयेचेही तसेच आहे. मन भरून आले म्हणजे देऊ, वेळ मिळाला म्हणजे जाऊ, असे ठरविणाऱ्याचे मन वर्षातून दोनदा भरून येते आणि वेळ कधीच मिळत नाही. महापुराच्या बातमीने आपण हेलावतो, धनादेश पाठवितो. आणि त्याच आठवड्यात समोरच्या घरातील एकट्या वृद्धाला पाणी आले की नाही, हे विचारावयाचे राहून जाते. भावना ही चांगली गोष्ट आहे, पण ती अनियमित उत्पन्नासारखी आहे. तिच्यावर घर चालत नाही. नेम हा पगारासारखा असतो.

येथे दोन आक्षेप उपस्थित होतात आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, लहानसहान दयाकृत्ये ही सुखवस्तूंच्या मनाची समजूत असते. मोलकरणीला जुने स्वेटर द्यावयाचे आणि तिच्या पगारवाढीचा विषय निघताच तोंड फिरवावयाचे, हा प्रकार आपल्या वस्त्यांतून दुर्मिळ नाही. दयेने न्यायाची जागा घेतली की ती दया राहत नाही, ती सवलत होते. आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. हा आक्षेप मान्य करावाच लागेल. म्हणून नेमाचा पहिला नियम असा असावा की, जे देणे लागतो ते आधी चुकते करावे आणि मगच दानाची भाषा बोलावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला न मागता दिलेला मोलकरणीचा पगार हे दान नव्हे; पण ते न देता केलेले दान हे दानच नव्हे.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. घरातील एकाच्या औदार्याचा भार दुसऱ्यावरच पडतो. मराठी ख्रिस्ती साहित्यातील सर्वांत तेजस्वी ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे, १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळक हे मोठे कवी आणि त्याहून मोठ्या मनाचे गृहस्थ. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाच्या आपुलकीच्या बोलण्याने आणि त्याने दिलेल्या एका पुस्तकाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एखाद्या लहान कृत्याचे परिणाम किती दूरवर जातात, याचे हे उदाहरण. परंतु या कविमनाच्या माणसाने खिशातील पैसे वाटून टाकावे, पाहुणे आणि पोरकी मुले घरी आणावी आणि त्या सर्वांच्या जेवणाची व्यवस्था मात्र लक्ष्मीबाईंनी करावी, असा तो संसार होता. लक्ष्मीबाईंनी ते सारे हसतखेळत सांगितले आहे. पण वाचकाने हिशेब विसरू नये. औदार्य एकाचे आणि चूल दुसऱ्याची, ही वाटणी आजही घरोघरी आहे. नाताळ असो की दिवाळी, सणाचा आनंद बहुतेक घरांत एका स्त्रीच्या न मोजलेल्या श्रमांवर उभा असतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत हे श्रम येत नाहीत. निदान घरच्या गणनेत तरी यावेत. आगमनकाळात रोज एक सत्कृत्य करावयाचे असेल, तर त्याचा आरंभ स्वतःचे ताट स्वतः धुण्यापासून करण्यास पुरुषांना हरकत नसावी.

वाट पाहणारे नागपूर

आतापर्यंत जे म्हटले ते दयेविषयी झाले. पण आगमनकाळाचा खरा विषय प्रतीक्षा हा आहे, आणि येथेच तो आपल्या शहराच्या अगदी जवळ येतो. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरू लागले आणि डिसेंबर महिन्यात या शहराला प्रतीक्षेची राजधानी म्हणावे, अशी स्थिती निर्माण झाली. गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंतची माणसे येथे येतात. विनाअनुदानित शाळांतील शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, प्रकल्पग्रस्त येतात, कापसाच्या भावासाठी शेतकरी येतात. थंडीत पटांगणावर, पदपथावर ती रात्र काढतात. त्यांचे म्हणणे सरकारने मान्य करावे की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. परंतु त्यांचे म्हणणे कोणी तरी ऐकून घ्यावे, याबद्दल मतभेद होऊ नये.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी या शहरात काय घडले, हे येथील जुन्या माणसांना सांगावयास नको. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेला गोवारी समाजाचा विराट मोर्चा, शासनाच्या वतीने कोणी तरी येऊन निवेदन स्वीकारावे, या अपेक्षेने ताटकळत उभा होता. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. झीरो माइलच्या परिसरात त्यांचे स्मारक आहे. त्या दिवशीच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि तिच्यात येथे शिरावयाचे नाही. पण एक साधा विचार मनातून जात नाही: त्या दुपारी जे व्हावयास हवे होते ते कृत्य किती लहान होते! चार पावले चालून यावे, कागद हातात घ्यावा आणि दोन शब्द बोलावे. लहान कृत्ये ही मोठ्या प्रश्नांपुढे क्षुल्लक असतात, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या स्मारकापुढे क्षणभर उभे राहावे.

सत्तेच्या दारातील ही प्रतीक्षा आपल्यापासून दूर नाही, कारण लहान प्रमाणावर आपण सर्वजणच कोणाला तरी ताटकळत ठेवीत असतो. हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, कारकून असतील. आपल्या टेबलाच्या पलीकडे रोज कोणी तरी उभे असते. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. आपण जिवंत आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ऐंशी वर्षांच्या माणसाने रांगेत उभे राहावे, यातील विपर्यास सरकारच्याही ध्यानात आला आणि २०१४ साली हा दाखला डिजिटल स्वरूपात देण्याची सोय झाली. पण बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्याचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा पुन्हा माणसाचीच गरज लागते. 'आजोबा, बसा; मी पाहतो,' एवढे म्हणणाऱ्या माणसाची. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आलेली खेड्यातील मुलगी, जातवैधता प्रमाणपत्रासाठी खेटे घालणारा बाप, उत्तरपत्रिकेत आपले काय चुकले हे विचारण्यासाठी दारात घुटमळणारा विद्यार्थी, ही सर्व मंडळी आपल्या आगमनाची वाट पाहत असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कायदा येथे काही प्रमाणात मदत करतो आणि त्याने ती केलीच पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे स्वागतार्ह आहे, कारण हक्क हा दयेपेक्षा श्रेष्ठच. तथापि दंडाने सौजन्य निर्माण होते काय? या संदर्भात एक अभ्यास लक्षात घेण्यासारखा आहे. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत, मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांचा प्रश्न होता. त्यांपैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी दंड आकारण्यास सुरुवात झाली. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी पालकांना थांबून राहणाऱ्या शिक्षिकेची लाज वाटे. दंड आल्यावर तिचा वेळ ही विकत मिळणारी वस्तू झाली. सर्वांत विचार करावयास लावणारी बाब म्हणजे, पुढे दंड रद्द केल्यावरही उशीर पूर्ववत कमी झाला नाही. एकदा मोडलेले सौजन्य नियम मागे घेतल्याने परत येत नाही. यावरून दंड नसावेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जेथे सत्ता एकाच बाजूला आहे तेथे ते हवेतच. पण दुसऱ्याचा वेळ हा त्याच्या आयुष्याचा तुकडा आहे, ही जाणीव कोणताही अधिनियम देऊ शकत नाही. ती रोजच्या सवयीनेच येते.

रात्रीचा जमाखर्च

सवय म्हटली की चिंतन आलेच. आगमनकाळात सत्कृत्याइतकेच महत्त्व दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणाला आहे. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून गावोगावी नेलेली सायंकाळची सामुदायिक प्रार्थना विदर्भात अपरिचित नाही. दिवस मावळताना थोडे स्थिर बसावे, ही त्यातील शिकवण सर्व धर्मांना मान्य होईल. कोणत्याही धर्माशी संबंध नसलेल्या माणसालाही रात्री दिवा मालविण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारता येतील. आज माझ्यामुळे कोणाला विनाकारण थांबावे लागले? आणि आज कोणासाठी मी थांबलो? पहिला प्रश्न न्यायाचा आहे, दुसरा दयेचा. आणि त्यांचा क्रम तोच ठेवावा.

या प्रश्नांची उत्तरे वहीत मांडण्याची गरज नाही, कोणाला सांगण्याची तर मुळीच नाही. दयेची जाहिरात झाली की घेणाऱ्याची मान खाली जाते. देणाऱ्याला त्यातून काही मिळवावयाचे असेल, मग ते पुण्य असो, मत असो की मतांतर असो, तर तो व्यवहार झाला. आणि व्यवहार करावयाचा तर त्याला व्यवहारच म्हणावे. गव्हाणीत काडी ठेवणारे मूल ती कोणाच्या नावाची आहे, हे लिहून ठेवीत नाही.

नाताळाला अजून काही दिवस आहेत. तेवढ्या दिवसांत नागपुरातील प्रत्येक शिक्षकाने एका रेंगाळणाऱ्या विद्यार्थ्याला पाच मिनिटे अधिक दिली, प्रत्येक कारकुनाने रोज एका अर्जदाराला 'उद्या या' म्हणण्याऐवजी त्याच्या कागदात काय कमी आहे ते लिहून दिले आणि प्रत्येक विद्यार्थ्याने खोलीत एकट्या राहणाऱ्या एका शेजाऱ्याची चौकशी केली, तर शासनाला त्यासाठी एका रुपयाचीही तरतूद करावी लागणार नाही. अंदाजपत्रकात न दिसणारी ही संपत्ती आहे. ती वापरल्याने घटत नाही, न वापरल्याने मात्र नष्ट होते.